शेपटाकडून गळणारी यादी

योगेंद्र सर साकोलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवतात, आणि ज्या अर्थी क्लास चालतो त्या अर्थी सरांना कॉम्प्युटर येत असणार, अशी तालुक्यातल्या भल्या माणसांची समजूत आहे. सरिता रामटेके सहा वर्षं त्या क्लासात शिकवत होती. तिची ही समजूत पहिल्या महिन्यातच पुसली गेली, पण गावात ते कोणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, पोरगी जळते.

खताच्या दुकानावरची एक लांबट खोली, अकरा कॉम्प्युटर, त्यातले सात सुरू, आणि दारासमोरच्या भिंतीवर सरांचा मोठा फोटो. फोटोत सर पुण्यातल्या कुठल्याशा काचेच्या इमारतीपुढे उभे आहेत आणि गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी आहे. पुण्यात सर अकरा महिने होते. तिथे ते नेमकं काय करत आणि बाराव्या महिन्यात परत का आले, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. पण तेव्हापासून गळ्यातली पट्टी उतरली नाही. आताच्या पट्टीवर त्यांच्याच क्लासचं नाव आहे, ओळखपत्रावर त्यांचीच सही आहे, आणि स्वतःच्याच खोलीत ते ती घालून बसतात. बोलतातही पुण्याचं. सख्ख्या आईला ते "अगं आई, जरा ऐकतेस का" म्हणतात आणि ती माऊली मुलगा शिकलेला आहे म्हणून ऐकून घेते. राग आला किंवा धाबं दणाणलं की मात्र हे पुणं टिकत नाही, झाडीपट्टीतलं बोलणं आपसूक बाहेर येतं.

सरांच्या लेखी प्रोग्राम लिहिणं म्हणजे इंटरनेटवर शोधणं, तिथून उचलणं आणि वर आपलं नाव टाकणं. उचललेलं चाललं तर सर हुशार, नाही चाललं तर नेट स्लो. एखाद्या पोरानं अडचणीचं विचारलं की सर म्हणत, "हे ॲडव्हान्समध्ये येतं," आणि ॲडव्हान्सचा वर्ग त्या क्लासात कधी निघाला नाही. मग ती पोरं सरिताच्या टेबलाशी येत. सरिता बीएस्सी झालेली, आणि जावास्क्रिप्ट तिनं फोनवर एकटीनं, दोन वर्षं डोकं घासून शिकलेली. सरांनी उचलून आणलेल्या कितीतरी गोष्टी तिनं मागून गुपचूप दुरुस्त केल्या होत्या. सरांना ते कळत नसे, आणि कळलं असतं तरी कळलं असं त्यांनी दाखवलं नसतं. सरिताला त्यांची कीव येत नसे. तिला सरळ तिटकारा येई, आणि पगार घ्यायचा म्हणून तो ती दातांमागे धरून ठेवी.

दोघं एकाच गावचे. एकोडीच्या पुढे, जुन्या मालगुजारी तलावाखालचं गाव. सरांचे वडील वासुदेवराव पाणी समितीचे अध्यक्ष आणि त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, तलावाच्या अगदी तोंडाशी. सरिताची माय पार्वताबाई हिची एक एकराची बांधी पाटाच्या शेवटच्या टोकाला, नाल्यालगत. बुद्धविहाराजवळच्या टोलीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, चार घरांची शेतं तिथेच आहेत, एकाखाली एक, आणि चौथं पार्वताबाईचं. त्याच्या पलीकडे पाट संपतो आणि झुडपं सुरू होतात.

ऑक्टोबरात भारी, म्हणजे उशिरा येणारा, धान पोटरीतून बाहेर पडतो, तेव्हा त्याला शेवटचं एक पाणी लागतं. ते मिळालं तर दाणा भरतो, नाही तर लोंबी उभी दिसते आणि आत काही नसतं. त्या पाण्यासाठी तलावाचं दार, त्याला गावात तुडूम म्हणतात, चौदा दिवस उघडतात. पाटावर चाळीस शेतकरी, दिवसाला तीन पाळ्या, चौदाव्या दिवशी एकच. तोंडाशी असलेल्यानं आधी घ्यायचं, शेपटाकडच्यानं शेवटी. पाणी सोडणारा पाणकर गुलाब. त्याचा आजा पाणकर, बाप पाणकर, आणि ही चाळीस नावं त्याला झोपेतही क्रमानं म्हणता येत.

यात एक सवलत जुनी आहे. एखाद्याकडे सोयरे आलेले असतात, कोणाचं खत यायचं असतं, कोणाला मजूर मिळत नाहीत. असा माणूस पाणकराला म्हणतो, माही पाळी चार दिवस पुढं कर. मग पाणकर त्याचं नाव तिथून काढतो आणि पुढे नेऊन बसवतो, तोंडीच. ही सवलत अर्थातच वरच्यांची. शेपटाकडचा माणूस पाळी कुठे ढकलणार? त्याच्या पुढे ढकलायला जागाच नसते.

एवढं सुरळीत चाललेलं होतं, म्हणून सरांना ते सुधारावंसं वाटलं. त्यांनी 'पाणीपाळी' नावाचं एक पान तयार केलं. फुकट केलं, असं ते स्वतःच सगळीकडे सांगत. फुकट कसलं, वासुदेवराव थकत चालले होते आणि समितीचं अध्यक्षपद घरातल्या घरात राहावं यासाठी मुलाच्या हातून गावाचं काहीतरी भलं झालेलं दिसायला हवं होतं. तुडुमाजवळ नारळ फोडून त्याचं उद्घाटन झालं. गुलाबच्या हातात समितीचा नवा फोन दिला. फोनवर फक्त पुढच्या पाच पाळ्या दिसत. 'पाळी झाली' असं बटण दाबलं की त्या नावापुढे हिरवी खूण येई. दुसरं बटण 'पाळी पुढे ढकला'. तिसरं 'मूळ यादी', म्हणजे पहिल्या दिवशी जतन करून ठेवलेली चाळीस नावं, पुढेमागे कोणी भांडलं तर दाखवायला. खाली लिहून येई, एकूण चाळीस.

नावं भरायचं काम अर्थात सरांनी केलं नाही. ते सरितानं केलं, क्लासात बसून, एकेक नाव आणि त्याच्या बांधीचं नाव. चाळीसावं तिनं भरलं: पार्वताबाई रामटेके, नाल्याची बांधी.

चौदा दिवसांपैकी दहा गेले तेव्हा पार्वताबाई पाटावर गुलाबला गाठायला गेली. सरिताही रविवार म्हणून सोबत होती.

"गुलाबभाऊ, माहं पाणी कोण्या दिवशी?"

गुलाबनं फोन काढला, 'मूळ यादी' उघडली, वर सारली, खाली सारली. "वहिनी, तुमचं नाव दिसून नाही राहिलं."

"दिसून नाही राहिलं म्हणजे? चाळीस वर्षं झाली, शेवटची पाळी कोणाची असते?"

"ते मले माहीत आहे का नाही, असा प्रश्न नाही आता," गुलाब म्हणाला. "मशीनीत पाह्यजे. शेवटी दादाजीचं नाव आहे. त्यानंतर तुडूम बंद."

"अन टोलीतले बाकीचे तिघं?"

"तेही नाही दिसत."

गुलाबला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण नव्या फोनच्या काचेला काही लागू नये म्हणून त्यानं तो रुमालात गुंडाळला, आणि त्या गुंडाळण्यात त्याचं लक्ष जास्त होतं. आज्यानं आणि बापानं जे डोक्यात सांभाळलं ते या माणसानं एका रुमालात बांधून टाकलं.

पार्वताबाई परतताना आपल्या बांधीच्या धुऱ्यावर, बांधावर थांबली. लोंब्या बाहेर आल्या होत्या. तिनं एक दाणा नखानं दाबला, दूध आलं नाही. "चार दिवसांत पाणी लागलं त होईल," ती म्हणाली. "नाही त तणस होईल नुसती." त्या एकराच्या धानावर घरचं वर्षाचं खाणं होतं. सरिताला ते सांगायची गरज नव्हती.

सोमवारी क्लासात मुलं यायच्या आधी सरितानं सरांच्या प्रोग्रामची फाइल उघडली. दहा मिनिटं लागली. दहाही लागली नसती, पण सरांनी अर्ध्या ओळी नको असताना ठेवल्या होत्या, कारण काय काढलं तर काय पडेल याची त्यांना भीती असे.

'पाळी पुढे ढकला' दाबलं की प्रोग्राम काय करत होता? ज्याची पाळी ढकलायची त्याचं नाव आणि बांधी घेऊन तो एक नवीन नोंद तयार करत होता. मग ती नवीन नोंद यादीत शोधत होता. आता यादीतली नोंद आणि ही नोंद, दोन्हींत तेच नाव, तीच बांधी. पण दोन वेगळ्या वस्तू. एकाच साच्यातल्या दोन विटा दिसायला सारख्या असल्या तरी भिंतीतली वीट ती भिंतीतली आणि हातातली ती हातातली. जावास्क्रिप्ट अशा वेळी रूप पाहत नाही, तीच वस्तू आहे का ते पाहते. त्यामुळे हातातली वीट भिंतीत सापडायची नाहीच. सापडली नाही की शोधणारं फंक्शन उत्तर देतं, उणे एक. आणि सर ते उणे एक तसंच्या तसं काढून टाकणाऱ्या फंक्शनला देत होते. त्याचं नाव स्प्लाइस. स्प्लाइसला उणे एक म्हटलं की ते समजतं, शेवटून पहिला. ते शेवटचं नाव उचलतं आणि फेकून देतं. चूक झाली असं कुठेही म्हणत नाही.

पुढचं तर आणखी झकास होतं. शेवटचा गेल्यावर ती नवीन नोंद पुढच्या जागी बसत होती, आणि जुनी जागच्या जागी राहत होती. म्हणजे ज्यानं पाळी ढकलली त्याला दोन पाळ्या, आणि शेपटाकडच्याला एकही नाही. एक गेला, एक आला, एकूण चाळीसचे चाळीस. हिशेब जुळत होता म्हणून कोणी पाहिलं नाही.

या हंगामात पाळी चौघांनी ढकलली होती. पहिल्या वेळी पार्वताबाई गेली, मग तिच्या वरचा, मग त्याच्या वरचा, मग टोलीतलं सगळ्यात वरचं घर. ढकलणाऱ्या चौघांना नको म्हटलेल्या दिवशीही पाणी मिळालं आणि हव्या त्या दिवशी पुन्हा मिळालं. त्यांतल्या एकानंही तोंड उघडलं नाही. फुकटचं पाणी बांधीत शिरताना कोण बोंबलतो? त्या चौघांत पहिलं नाव वासुदेवरावांचं होतं.

सरितानं 'मूळ यादी' उघडली. तिथेही पार्वताबाई नव्हती, कारण सरांनी यादीची नक्कल केलीच नव्हती. त्याच यादीला त्यांनी दुसरं नाव दिलं होतं. एकाच बांधीला दोघांनी दोन नावांनी हाक मारली म्हणून बांध्या दोन होत नाहीत. इथे काढलं की तिथूनही जात होतं.

सर आले, पट्टी सारखी केली, खुर्चीत बसले. सरितानं सगळं शांतपणे सांगितलं. सरांनी ते ऐकताना फोनवर दोन निरोपांना उत्तरं दिली.

"अगं, असं होत नाही," ते म्हणाले. "मी टेस्ट केलेलं आहे."

"सर, तुमच्या समोर करून दाखवते."

"एकूण चाळीस येतात ना?"

"येतात. पण वासुदेवराव दोनदा आहेत."

"ते डिस्प्लेचं असेल." सर खुर्चीत मागे रेलले. "आणि मूळ यादी आहे की. मूळ यादीत तुझ्या आईचं नाव नाही म्हणजे ते भरलंच गेलं नाही. नावं कोणी भरली होती?"

सरितानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

"मी चिडत नाहीये," सर म्हणाले. "माणसाकडून राहून जातं. घरचंच नाव राहावं याचं मात्र नवल वाटतं."

"सर, मूळ यादी पहिल्या दिवशी जतन केली ना?"

"हो."

"मग तिच्यात कालच्या पाळीच्या हिरव्या खुणा कशा? पहिल्या दिवशी त कोणालाच पाणी मिळालं नव्हतं."

सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. खुणा होत्या, तीस-एकतीस, ओळीनं. एखाद्या माणसाला स्वतःची चूक दिसते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर तरी काही हलतं. सरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, कारण त्यांना अजूनही दिसलंच नव्हतं. "ते रिफ्रेश होतं," ते म्हणाले. "हे ॲडव्हान्समध्ये येतं, सरिता."

सहा वर्षं पोरांना तोंडावर फेकलेलं वाक्य त्यांनी आता तिच्या तोंडावर फेकलं. सरितानं फाइल बंद केली. एक ओळ बदलली असती तर काम झालं असतं, आणि ती तिला तिथल्या तिथे बदलता आली असती. पण बदलली असती तर गेलेली चार नावं परत आली नसती, आणि ती होती याचा पुरावाही उरला नसता. तिनं ठरवलं, आता एकही चूक दुरुस्त करायची नाही.

मंगळवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या सभागृहात समितीची बैठक होती. टोलीतली चारही घरं आली होती. वासुदेवराव खुर्चीवर, बाजूला सर, त्यांच्या मागे भिंतीवर टीव्ही, त्याला लॅपटॉप जोडलेला. चाळीसपैकी तीसेक शेतकरी सतरंजीवर.

पार्वताबाईनं उभं राहून सांगितलं, दर वर्षी शेवटची पाळी माही असते, या वर्षी नाव गेलं, मले पाणी पाह्यजे. तीन वाक्यांत संपवलं आणि ती खाली बसली.

त्या खोलीत एक माणूस असा नव्हता ज्याला हे माहीत नव्हतं. पोरं होती तेव्हापासून ही सगळी माणसं नाल्याच्या बांधीतून म्हशी हाकत आली होती. शेवटची पाळी कोणाची हे त्यांना स्वतःच्या घराच्या दारासारखं ठाऊक होतं. वासुदेवरावांनी गुलाबकडे पाहिलं. गुलाबनं रुमालाकडे पाहिलं.

"मशीनीत नाही त मी काय सांगू?" तो म्हणाला. "मी हुकमाचा माणूस."

बाकीचे मूग गिळून बसले. दादाजी पहिल्या ओळीत होता, धडधाकट, मोठ्या आवाजाचा, आता यादीतला शेवटचा. त्याची बांधी टोलीच्या लगेच वर, धुऱ्याला धुरा लागून. रोज सकाळी त्याला पार्वताबाईचं सुकणारं धान दिसत होतं. तो म्हणाला, "यंत्राचं काम यंत्राले करू द्या ना. आपण मध्ये बोललो त मंग ते आणलं कायले?"

सरांना बळ आलं. त्यांनी मूळ यादी पडद्यावर लावली आणि झर्रकन खाली नेली. "हे पहा, शेवटचं नाव दादाजी. यादी आमच्याच क्लासमध्ये भरली गेली. भरणाऱ्याकडून काही राहिलं असेल तर सिस्टिमला दोष देता येत नाही." भरणारी कोण हे त्यांनी सांगितलं नाही, नुसतं त्या बाजूला पाहिलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. पार्वताबाईचीही वळली. सरिताला त्या सगळ्यांतली एवढी एकच मान लागली.

ती उठली. तिनं विटा, वस्तू, उणे एक, यातलं काही सांगितलं नाही. ज्याला समजायला हवं त्यालाच समजलं नव्हतं, या तीस जणांना समजून काय फरक पडणार होता? ती म्हणाली, "सर, चूक माही असल. पण एकदा सगळ्यांसमोर चालवून दाखवा. समजा राजकुमारभाऊंची उद्याची पाळी परवावर न्यायची आहे. ढकलून दाखवा."

राजकुमार भिंतीला टेकून बसला होता. "दाखवा ना," तो म्हणाला. "माहं काय जाते."

सरांना चालवून दाखवायची हौस दांडगी. त्यांनी राजकुमारचं नाव भरलं, बांधी भरली, आणि बटण दाबताना जरा मागे सरकले, म्हणजे सगळ्यांना दिसावं. "झालं. राजकुमारभाऊ परवावर गेले. काही अडचण?"

"आता मूळ यादी लावा," सरिता म्हणाली. "अन शेवटचं नाव वाचा."

सरांनी यादी लावली. शेवटचं नाव राजकुमार. त्याच्या वर आणखी एकदा राजकुमार. खाली, एकूण चाळीस.

सरांनी वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. मग पहिल्या ओळीतून आवाज आला.

"माहं नाव कुठी गेलं?"

"थांबा दादाजीभाऊ, रिफ्रेश होऊन राहिलं," सर म्हणाले. पुणं गेलं होतं.

"रिफ्रेश गेलं खड्ड्यात. आत्ता होतं ना ते? शेवटी होतं. तूच त वाचलं." दादाजी उभा राहिला. "मूळ यादी म्हणते अन मूळ यादीतून माणूस उडते? ही कोणती यादी? दोन एकर उभा आहे माहा."

आणि त्या खोलीला एकदम वाचा फुटली. ज्यांना दोन मिनिटांपूर्वी काही आठवत नव्हतं त्यांना सगळं आठवू लागलं. एक म्हणाला, मले तवाच शंका आली होती. दुसरा म्हणाला, मशीनीवर एवढा भरवसा ठेवाच नाही. गुलाबनं रुमाल खाली ठेवला, डोळे मिटले आणि चाळीस नावं घडाघडा म्हणून दाखवली, शेवटी पार्वताबाई रामटेके, नाल्याची बांधी. चार नावं गळाली तोवर ती सरिताची हयगय होती. पाचवं गळालं आणि यंत्र बिघडलेलं निघालं. सरितानं त्या तीस चेहऱ्यांवरून नजर फिरवली, आणि आजवर आपण आपला सगळा तिटकारा एकट्या सरांवर खर्च केला याची तिला लाज वाटली. सर बिचारे नुसते अडाणी होते.

तिनं सरांना यादी पुन्हा वर न्यायला लावली. वासुदेवराव दोनदा, हिरव्या खुणा दोन्हींपुढे. आणखी तिघे तसेच.

"मले काय माहीत," वासुदेवराव म्हणाले. "गुलाबनं सोडलं, मी घेतलं."

"मशीनीत होतं, मी सोडलं," गुलाब म्हणाला.

झालं, एवढ्यावर विषय मिटला. दोनदा घेतलेलं पाणी परत थोडंच येणार होतं. दादाजीची पाळी जागच्या जागी बसवली, त्याला कोणाचा विरोध नव्हता. टोलीसाठी तुडूम एक दिवस जास्त उघडं ठेवायचं ठरलं. सरिता म्हणाली, दिवसाला पाळ्या तीन आणि घरं चार. वासुदेवराव म्हणाले, तलावात मासे आहेत, ढोरांना उन्हाळ्यात पाणी लागते, एक दिवस म्हणजे एक दिवस, आपसांत वाटून घ्या. ठराव एकमतानं झाला.

त्याच संध्याकाळी सरांनी गावाच्या ग्रुपवर लिहिलं की पाणीपाळीच्या पहिल्या आवृत्तीत आढळलेली तांत्रिक त्रुटी आमच्या टीमने तत्परतेने शोधली असून सुधारित आवृत्ती लवकरच येत आहे. खाली बावीस अंगठे आणि दादाजीचे हात जोडलेले. मग त्यांनी सरिताला वेगळा निरोप पाठवला, ती ओळ नेमकी कोणती बदलायची, सांगतेस का? सरितानं तो वाचला. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तिकडे गेल्या, उत्तर गेलं नाही. बुधवारपासून ती क्लासात गेली नाही. सर अजून सांगतात की तिला पुढचं शिकायचं होतं म्हणून आपणच मोकळं केलं.

जास्तीच्या दिवशी टोलीतल्या तीन घरांनी ज्याची त्याची पाळी जमेल तेवढी आखूड केली. तरी पाटाच्या टोकापर्यंत पाणी पोचायला ऊन कलू लागलं, आणि गुलाबनं तुडूम बंद केलं तेव्हा नाल्याच्या बांधीचा वरचा अर्धा भाग तेवढा भिजला होता. पाण्याची कड जिथे थांबली तिथे पार्वताबाई पावलं बुडवून उभी राहिली. पुढची अर्धी बांधी तडकलेलीच होती.

"आता येणार नाही," सरिता म्हणाली.

"दिसते मले." पार्वताबाईनं खालच्या लोंब्यांकडे पाहिलं आणि मग पाहणं सोडलं. "पण मले एक सांग. तू त नाव टाकलं होतं. मंग त्या मशीनीनं आपलंच काहून काढलं? आपण तिचं काय केलं होतं?"

सरितानं तिला सोपं करून सांगितलं. ज्याले काढाचं त्याले ते यादीत शोधते, माय. तो सापडला नाही, का जो शेवटी असते त्याले काढून टाकते. अन सगळं बरोबर आहे म्हणून सांगते.

पार्वताबाईला त्यात कठीण असं काही वाटलं नाही.

"म्हणजे या गावातच शिकली ते," ती म्हणाली, आणि धुऱ्याचं तोंड बुजवायला चिखल घ्यायला वाकली.